सेवाशुल्काच्या वादामागे: टिप कोणाची, लाज कोणाला

गेम थिअरीच्या, म्हणजे प्रत्येक जण स्वतःच्या फायद्याचाच विचार करतो असे धरणाऱ्या शास्त्राच्या, हिशेबाने टिप कोणी द्यायलाच नको. सेवा आधी मिळालेली असते, पैसे नंतर द्यायचे असतात, आणि हायवेवरच्या हॉटेलातला वेटर पुन्हा भेटण्याची शक्यताही फारशी नसते. तरी बडीशेपेच्या बशीत नोटा पडतात. सोसायटीच्या वॉचमनला दिवाळीची पोस्त का दिली जाते ते उघड आहे. त्याच्याशी वर्षभर गाठ असते. अनोळखी ठिकाणी मात्र हात खिशात जातो तो लाजेपोटी, सोबतच्यांच्या नजरेपोटी आणि समोरच्याचा पगार तुटपुंजा आहे या जाणिवेपोटी. अमेरिकेतल्या अभ्यासांत सेवेचा दर्जा आणि टिपेची रक्कम यांचा संबंध क्षीणच आढळला आहे. टिप ही मुख्यतः रीत आहे आणि या रीतीचा फायदा तिसऱ्यालाही होतो. तो तिसरा म्हणजे मालक.

अमेरिकेत हे कायद्यातच उतरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या काही राज्यांनी टिपेवर बंदी घातली होती. १९२६पर्यंत ते सारे कायदे मागे घेतले गेले. १९६६पासून टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने कमी मूळ वेतन देण्याची मुभा मिळाली. हे किमान वेतन १९९१पासून केंद्रीय पातळीवर तासाला २.१३ डॉलरवरच थांबले आहे. उरलेला पगार गिऱ्हाइकाच्या मर्जीवर.

भारतात मालक शिरला तो बिलातून. २०११मध्ये वातानुकूलित रेस्टॉरंटांवर सेवाकर आला. तो सरकारजमा होणारा, तर त्याच बिलात दिसणारे सेवाशुल्क, म्हणजे हॉटेलने सेवेपोटी स्वतःहून लावलेली रक्कम, मालकाच्या गल्ल्यात जाणारे. दोन्ही ओळी एकाखाली एक छापल्या जात आणि कित्येक ग्राहक दोन्ही सरकारीच समजून भरत. २०१७मध्ये जीएसटी आल्यावर सेवाकर गेला, सेवाशुल्क राहिले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये केंद्राने सांगितले होते की हे शुल्क ऐच्छिक आहे आणि बिलात ती जागा कोरी सोडावी. फारसे कोणी ऐकले नाही.

४ जुलै २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक यंत्रणेने अधिक कडक मार्गदर्शक तत्त्वे काढली: शुल्क आपोआप लावायचे नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचे नाही, सक्ती करायची नाही, शुल्क नाकारणाऱ्याला प्रवेश नाकारायचा नाही, आणि ते बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही. शेवटचा मुद्दा आकड्यांत पाहावा. १००० रुपयांच्या जेवणावर १० टक्के सेवाशुल्क धरले की ११०० होतात. त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ५५ रुपये, एकूण ११५५. तेच १०० रुपये वेटरच्या हातात दिले असते तर खर्च ११५० झाला असता आणि पैसे कोणाकडे गेले हे डोळ्यांना दिसले असते.

मालकांच्या संघटना दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात त्या तत्त्वांना स्थगिती मिळाली. मालकांच्या म्हणण्यात तथ्यच नव्हते असे नाही. टेबलावरची टिप भटारखान्यातल्या आचाऱ्यापर्यंत किंवा भांडी घासणाऱ्यापर्यंत पोचत नाही. सेवाशुल्क सगळ्यांत वाटता येते. पण ‘वाटता येते’ आणि ‘वाटले जाते’ यांत अंतर आहे, आणि बिलावरून ग्राहकाला त्यातले काहीच कळत नाही. शिवाय शुल्क आधीच छापले की खेळाचा क्रम उलटतो. पूर्वी पैसे ठेवण्यासाठी हात हलवावा लागे, आता न देण्यासाठी मॅनेजरला बोलवावे लागते, तेही पाहुण्यांसमोर. जी लाज वेटरच्या उपयोगी पडत होती ती मालकाने स्वतःकडे वळवली. या वादातली हीच सर्वांत गंभीर बाब आहे.

सप्टेंबर २०२३मध्ये एका संघटनेच्या सदस्यांपुरते शुल्काला ‘कर्मचारी योगदान’ म्हणा आणि ते १० टक्क्यांपुढे नेऊ नका, असा अंतरिम आदेश झाला. २८ मार्च २०२५ रोजी अंतिम निकाल आला: मार्गदर्शक तत्त्वे वैध, सक्तीचे सेवाशुल्क बेकायदा, याचिकाकर्त्या संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा दंड. स्वेच्छेने टिप द्यायला आडकाठी नाही. प्रकरण अपिलात गेले. तिथे ऑगस्टमध्ये खंडपीठाने विचारले की २० रुपयांची पाण्याची बाटली वातावरणापोटी १०० रुपयांना विकता, मग सेवेचे वेगळे पैसे कशाचे?

दरम्यान मे २०२५मध्ये टॅक्सी ॲपवरच्या ‘आगाऊ टिपे’बद्दल एका कंपनीला नोटीस गेली. गाडी लवकर हवी असेल तर प्रवासाआधीच जादा पैसे कबूल करा, अशी ती सोय होती. अशी रक्कम कामाची दाद नसते, ती लिलावातली बोली असते.

ग्राहकाचे हक्क या प्रवासात बरेच स्पष्ट झाले. वेटरचे झालेले नाहीत. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मालकाने गोळा करून वाटलेली टिप प्राप्तिकराच्या दृष्टीने पगार नाही, असे ठरवले होते. २०२२च्या पाच मुद्द्यांत गोळा झालेल्या पैशाची वाटणी कशी व्हावी, तिची नोंद कोणी ठेवावी, याबद्दल एक ओळही नाही.