समुद्रावरचं विमान रडारला दिसतंच का?

‘मालवाहू विमान समुद्रावर गायब? अशक्य! रडारला सगळं दिसतं, म्हणजे कुणीतरी लपवलंय.’ नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शंका रास्त आहे. पण रडारच्या लहरी साधारण सरळ जातात आणि पृथ्वी गोल. त्यामुळे ३५,००० फुटांवरचं विमानही किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटरवर क्षितिजाआड जातं. पुढे भिस्त रेडिओवर किंवा उपग्रहामार्फत येणाऱ्या संदेशांवर. ब्लॅक बॉक्स (रंगाने नारिंगी, बरं का!) पाण्याखाली टिकटिकतो, पण काही किलोमीटरच ऐकू येतो, जुन्यांची बॅटरी ३० दिवसांची, नव्यांची ९०.

पडताळायचंय? विमानं दाखवणारं ॲप उघडून मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेलं विमान निवडा. ॲप विमानाच्याच संदेशांवर चालतं, पण ते पकडणारे अँटेना बहुतेक जमिनीवरच, म्हणून क्षितिजाची अडचण तीच. भर अरबी समुद्रात बऱ्याचदा फक्त अंदाजे स्थान दिसतं.