निद्रानाशाचे उपचार नर्सकडून का?

आमच्याकडे झोपेची तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण विचारतात, "पुढच्या भेटीला डॉक्टर असतील ना?" पहिल्या भेटीत डॉक्टर तपासतात. पुढच्या भेटी आमच्या प्रशिक्षित नर्स किंवा समुपदेशक घेतात. हे उपचार कमी दर्जाचे नाहीत.

आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल किंवा मोडत असेल, तर तो जुना निद्रानाश. त्यावर आधी वर्तनोपचार (म्हणजे गोळीऐवजी झोपेच्या सवयी आणि वेळा बदलण्याचे उपचार) करावेत, गोळीचा विचार नंतर करावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संघटनेने २०१६ मध्ये केली. पण हे उपचार जाणणारे मानसशास्त्रज्ञ मोजकेच, तेही मोठ्या शहरांत. ताटकळलेला माणूस शेवटी गोळीकडेच वळतो, याचे आम्हाला वाईट वाटते.

इंग्लंडमध्ये ३५ दवाखान्यांतल्या ६४२ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निम्म्या रुग्णांना झोपेच्या सवयींची फक्त पुस्तिका दिली. बाकीच्यांना पुस्तिकेसोबत नर्सच्या चार भेटी. सहा महिन्यांनी नर्सकडच्या रुग्णांचा त्रास स्पष्टपणे कमी होता.

उपचाराच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, म्हणूनच हे जमते. आधी झोपेची डायरी लिहायची. समजा, तुम्ही रात्री १० ते सकाळी ६ अंथरुणात असता, पण झोप होते साडेपाच तास. मग साडेबारालाच आडवे व्हायचे आणि सहाला उठायचे, रविवारीसुद्धा. दुपारची डुलकी बंद. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के वेळ झोप लागू लागली की आठवड्याला १५ मिनिटे वाढवतो. पाच तासांहून कमी वेळ आम्ही कोणालाच देत नाही. सुरुवातीचे दिवस जड जातात, दिवसा पेंग येते, "हे काय भलतेच" असे वाटते. अशा वेळी धीर देणारा नर्सचा फोन फार मोलाचा.

झोपेत श्वास अडकणे, फिट येणे, बायपोलर आजार किंवा गरोदरपण असल्यास हा उपचार करायचा की नाही, हे डॉक्टरच ठरवतात. गाडी किंवा यंत्र चालवत असाल, रात्रपाळी असेल, तर आधी सांगा. चालू असलेली झोपेची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

पहिल्या भेटीला सगळ्या औषधांची यादी आणा. शक्य असल्यास घरच्या कोणाला तरी सोबत घ्या. तुम्ही घोरता का, हे त्यांनाच ठाऊक असते.