लॉरेन्स वेल्क शो: १९७१ सालच्या निर्णयाची पार्श्वभूमी

अमेरिकन दूरचित्रवाणीवर बिग बँडचे, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदांचे नृत्यसंगीत सर्वाधिक काळ जिवंत ठेवणाऱ्या लॉरेन्स वेल्क शोविषयी लिहिताना पडद्यावर तरंगणारे बुडबुडे, अ‍ॅकॉर्डियन आणि वाद्यवृंदप्रमुख वेल्क यांचे जर्मन वळणाचे इंग्रजी यांचाच उल्लेख बहुधा आधी केला जातो. हा कार्यक्रम एवढा टिकला कसा, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या बुडबुड्यांपेक्षा १९७१ साली तो बंद करण्याच्या निर्णयात अधिक सापडते.

त्यापूर्वीचा काळ थोडक्यात सांगता येतो. रशियातून आलेल्या जर्मनभाषक शेतकरी कुटुंबात, नॉर्थ डकोटातील स्ट्रासबर्ग या गावी १९०३ साली जन्मलेल्या वेल्क यांनी १९२७ पासून साउथ डकोटातील यांक्टन येथील रेडिओ केंद्रावर वादन केले. १९३८च्या सुमारास पिट्सबर्गमधील एका हॉटेलात त्यांच्या हलक्याफुलक्या संगीताला ‘शॅम्पेन संगीत’ हे नाव मिळाले आणि चाळीसच्या दशकात शिकागोतील एका प्रसिद्ध बॉलरूममध्ये (नृत्यगृहात) त्यांचा वाद्यवृंद नियमितपणे वाजू लागला. युद्धोत्तर वर्षांत वाढता खर्च, नृत्यगृहांवरील जाचक कर आणि एकट्या गायकांची वाढती लोकप्रियता यांमुळे मोठमोठे वाद्यवृंद मोडीत निघत होते. वेल्क यांनी जाझच्या चाहत्यांपेक्षा जोडीने नाचायला येणाऱ्या माणसांचा विचार केला, म्हणून त्यांचा वाद्यवृंद तगला असे मला वाटते. १९५१ साली ते सांता मोनिकाच्या किनाऱ्यावरील बॉलरूममध्ये आले. तेथूनच एका स्थानिक केंद्राने त्यांचे कार्यक्रम दाखवायला सुरुवात केली आणि २ जुलै १९५५ रोजी एका मोटार कंपनीच्या प्रायोजकत्वाखाली उन्हाळ्यापुरता म्हणून योजलेला कार्यक्रम देशभर दिसू लागला. समीक्षकांनी तो जुनाट ठरवला, परंतु प्रेक्षकांनी शनिवारची संध्याकाळ त्याच्यासाठी राखून ठेवली.

वादक, गायक आणि नर्तक यांचे एकच कुटुंब दर आठवड्याला भेटीला येते, अशी या कार्यक्रमाची मांडणी होती. १९५५च्या नाताळात आलेल्या चार गायिका बहिणी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत मोठ्या झाल्या. वादकांना संघटनेने ठरवलेले वेतन मिळे आणि त्याशिवाय नफ्यातील वाट्याची योजनाही होती. १९६४ साली आलेला कृष्णवर्णीय टॅप नर्तक (बुटांच्या आवाजाने ताल धरून नाचणारा) पुढे अनेक वर्षे नियमित सदस्य राहिला. त्या काळातील अशा कार्यक्रमांत ही दुर्मीळ गोष्ट होती आणि तिची पुरेशी नोंद घेतली जात नाही. १९६१च्या फेब्रुवारीत हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्याचा ठसठशीत वापर असलेली ‘कलकत्ता’ ही जर्मनीत रचलेली धून वेल्क यांच्या वाद्यवृंदाने अमेरिकी विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर नेली. रॉक संगीताच्या ऐन बहरात पन्नाशी उलटलेल्या वाद्यवृंदप्रमुखाने हे साधले होते.

अशा कार्यक्रमाला १९७१च्या वसंतात एबीसी या नेटवर्कने, म्हणजे देशभरातील स्थानिक केंद्रांना कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपनीने, निरोप दिला आणि त्याचे अखेरचे प्रक्षेपण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात झाले. या निर्णयाची कारणे सांगताना दोन वेगळ्या गोष्टी नेहमी एकत्र मिसळल्या जातात. पहिली गोष्ट नियमाची आहे. पन्नास मोठ्या प्रक्षेपण क्षेत्रांतील नेटवर्कशी संलग्न केंद्रांनी संध्याकाळच्या मुख्य चार तासांपैकी तीन तासांहून अधिक काळ नेटवर्कचे कार्यक्रम दाखवू नयेत, असा नियम प्रक्षेपणाचे नियमन करणाऱ्या संघीय आयोगाने १९७० साली केला व तो १९७१च्या शरदापासून लागू झाला. तिन्ही नेटवर्कांना वेळापत्रक आखडते घ्यावे लागले, आणि त्याच वर्षाच्या आरंभी सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी आल्याने त्यांच्या उत्पन्नालाही फटका बसला होता. काही कार्यक्रम जाणारच होते, हे खरे आहे.

परंतु कोणते कार्यक्रम जावेत, हे त्या नियमाने ठरवले नव्हते. ती निवड जाहिरातदारांच्या हिशेबाने झाली. प्रेक्षक किती आहेत यापेक्षा ते किती वयाचे आहेत आणि शहरात राहतात की खेड्यात, याला तोवर अधिक भाव आला होता. पन्नाशीच्या आतील प्रेक्षकांचे महत्त्व जाहिरातदारांना पटवून देण्यात याच नेटवर्कने पुढाकार घेतला होता, कारण एकूण संख्येत ते इतर दोघांच्या मागे होते. वेल्क यांच्या प्रेक्षकांत वृद्धांचे प्रमाण मोठे होते. प्रायोजकांची यादीही शक्तिवर्धके, रेचके आणि कवळीची स्वच्छता करणारी औषधे यांनी भरलेली असे. त्याच वर्षी दुसऱ्या एका नेटवर्कने ग्रामीण पार्श्वभूमीच्या लोकप्रिय मालिका सरसकट बंद केल्या. त्यामुळे केवळ नियमाकडे बोट दाखवणे पुरेसे नाही. व्यवसायाच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा असला, तरी वर्षानुवर्षे निष्ठेने पाहणाऱ्या प्रेक्षकांना त्यात मोजलेच गेले नाही, आणि मला ती बाब नियमापेक्षा अधिक गंभीर वाटते.

पुढे जे घडले त्याला याच नियमाने वाट करून दिली. नेटवर्कने सोडलेली वेळ भरण्यासाठी केंद्रांना नवे चित्रित केलेले, परंतु नेटवर्कचे नसलेले कार्यक्रम हवे होते. वेल्क यांनी आपली निर्मिती चालू ठेवून कार्यक्रम थेट केंद्रांना देऊ केला. प्रायोजकांच्या जाहिराती कार्यक्रमातच असत आणि उरलेली जाहिरात-मिनिटे केंद्राने स्वतः विकावीत, असा व्यवहार होता. केंद्राला निर्मितीचा खर्च नाही, निर्मात्याला नेटवर्कच्या परवानगीची गरज नाही, आणि प्रायोजकाला नेमका हवा तो वयोगट, असे तिन्ही बाजूंचे हित त्यात साधले गेले. दोनशेहून अधिक केंद्रांनी कार्यक्रम घेतला, म्हणजे नेटवर्कवर असतानापेक्षाही त्याचे जाळे मोठे झाले. बंद झालेला ग्रामीण संगीताचा आणखी एक कार्यक्रम याच वाटेने जगला. स्थानिक निर्मितीला वाव मिळावा हा नियामकांचा उद्देश मात्र फारसा सफल झाला नाही. त्या वेळेत प्रामुख्याने बक्षिसांचे खेळ आणि अशाच आयत्या कार्यक्रमांनी जागा घेतली, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यास तो नियम मागे घेण्यात आला.

ही दुसरी खेळी अकरा वर्षे चालली. १९८२ साली, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, वेल्क यांनी नवी निर्मिती थांबवली; १९९२ साली त्यांचे निधन झाले. त्याआधी त्यांच्या जन्मगावी जर्मन-रशियन स्थलांतरितांच्या वारशासाठी केंद्र सरकारने मंजूर केलेले पाच लाख डॉलर वायफळ खर्चाचे प्रतीक ठरवले गेले आणि १९९१ साली संसदेने ते परत घेतले. १९८७ पासून ओक्लाहोमाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने जुने भाग, वाद्यवृंदातील सदस्यांच्या नव्या निवेदनांसह, देशभरातील सार्वजनिक केंद्रांना पुरवण्यास सुरुवात केली. ही केंद्रे प्रेक्षकांच्या देणग्यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात आणि देणगी देणारा प्रेक्षक किती वयाचा आहे, यावरून त्याची किंमत कमी होत नाही. त्यामुळे १९७१ साली ज्या वयाचे कारण पुढे करून कार्यक्रम काढला गेला, त्याच वयाच्या प्रेक्षकांच्या बळावर तो तेथे दशकानुदशके टिकून राहिला.