कोडावरचं मलम इतके महिने का लावायचं?

कोडाच्या डागावर मलम सुरू केलं की पहिले दोन-तीन महिने बहुतेकांना काहीच फरक दिसत नाही. नेमके याच काळात कितीतरी जण मलम सोडतात, डॉक्टर बदलतात, नाहीतर 'हमखास गुण'वाल्या जाहिरातीच्या नादी लागतात. यात रुग्णाचा दोष मला फारसा वाटत नाही. किती वेळ लागेल आणि का, हे त्याला पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. कोडात शरीराच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्यांना शत्रू समजून मारतात. (कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे, तो स्पर्शाने पसरत नाही आणि मासे खाऊन वर दूध प्यायल्यानेही होत नाही. हे अजूनही सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं.) या टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडतात. त्यामुळे आसपासच्या त्वचेच्या पेशी आणखी काही रसायनं बाहेर टाकतात आणि त्यांच्या मागावर नव्या टी-पेशी तिथे येऊन पोचतात. हे चक्र आपलं आपण चालू राहतं. मलमाचं पहिलं काम ते थांबवणं. डाग पसरायचा थांबला, तर रंग आला नसला तरी औषध लागू पडतंय.

रंग परतायला वेळ लागतो, कारण डागातल्या मेलॅनोसाइट पेशी संपलेल्या असतात. नव्या पेशी प्रामुख्याने केसांच्या मुळांतून येतात. तिथे खोलवर त्यांच्या मूळ पेशी तग धरून असतात. त्या जाग्या होतात, वर सरकतात आणि पसरतात. भिंगातून डाग नीट पाहिला तर पांढऱ्या भागाच्या मधोमध, एकेका लवेच्या मुळाभोवती, टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके दिसू लागतात. पुढे हे ठिपके मोठे होऊन एकमेकांना मिळतात. म्हणूनच चेहरा चांगली साथ देतो, तर बोटांची टोकं आणि ओठ फार कमी, कारण तिथे केसच नाहीत. डागावरचे केसही पांढरे झाले असतील तर मुळातला साठाच आटलेला असतो आणि नुसत्या मलमावर फार आशा ठेवता येत नाही. मलमाच्या जोडीला ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांचा उपचार दिला तर या पेशी अधिक जोमाने जाग्या होतात. आपल्याकडची बावची ही औषधी वनस्पतीही याच दिशेची. तिच्यातलं सोरालेन उन्हाबरोबर काम करतं, पण मात्रा चुकली तर त्वचा भाजून फोड येतात. त्यामुळे घरच्या घरी बावचीचं तेल लावून उन्हात बसू नये.

जुनं आणि स्वस्त मलम स्टेरॉइडचं. ते काम करतं, पण महिनोन्‌महिने सलग लावलं तर त्वचा पातळ होते आणि खालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय ट्यूब आणून चेहऱ्यावर लावत राहणं म्हणूनच धोक्याचं. दुसरं मलम टॅक्रोलिमसचं, त्याने त्वचा पातळ होत नाही. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून १९८४ साली हे द्रव्य मिळालं आणि बदललेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून त्याच्या गोळ्या आजही देतात. मलम लावल्यावर सुरुवातीचे काही दिवस चुणचुणतं, मग ते कमी होतं.

इंटरफेरॉन-गॅमाचा संदेश पेशीच्या आत नेणारी जॅक नावाची विकरं अडवणारं रक्सोलिटिनिबचं मलम २०२२ च्या जुलैमध्ये अमेरिकेत बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी मंजूर झालं. त्याआधीच्या दोन चाचण्यांत मिळून ६७४ जण होते. दिवसातून दोनदा मलम लावून २४ आठवड्यांनी दहापैकी साधारण तिघांच्या चेहऱ्यावरचं कोड ७५ टक्के किंवा अधिक भरून आलं. औषध नसलेलं मलम लावणाऱ्यांत हे प्रमाण दहापैकी एकाच्या आसपास होतं. पण वर्षभर लावत राहिलेल्यांत ते जवळपास निम्म्यावर गेलं. म्हणजे सहाव्या महिन्यात 'जमलं नाही' म्हणून सोडून दिलेल्यांत कितीतरी जण असे असू शकतात, ज्यांचा रंग पुढच्या सहा महिन्यांत आला असता.

रंग आल्यावर तरी थांबावं का? उपचार बंद केल्यावर वर्षभरात सुमारे ४० टक्के रुग्णांत डाग परततात आणि बहुधा त्याच जागी. कारण काही टी-पेशी रक्तात परत न जाता त्वचेतच मुक्काम ठोकतात. त्यांना जुनी ओळख पक्की असते. मलमाने त्या गप्प बसतात, मरत नाहीत. म्हणून भरून आलेल्या डागावर आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस लावत राहण्याची पद्धत आली आणि तिने डाग परतण्याचं प्रमाण बरंच घटतं, हे चाचणीत दिसलं आहे. रक्सोलिटिनिबच्या पुढच्या अभ्यासात चेहरा ९० टक्के भरलेल्यांपैकी मलम बंद केलेल्या सुमारे २९ टक्के जणांचा रंग वर्षभरात पुन्हा बराच गेला, चालू ठेवलेल्यांत १५ टक्के जणांचा. याचा अर्थ बंद केलेल्यांतही बहुतेकांचा रंग टिकला. त्यामुळे कुणी कधी थांबायचं, हे डाग कुठे आहेत आणि किती काळ स्थिर आहेत ते पाहून डॉक्टरांबरोबर ठरवायचं.

रोज आरशात पाहून हा फरक कळत नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावा आणि पुढच्या भेटीत सगळे फोटो डॉक्टरांना ओळीने दाखवावेत.