नंबर झाकला, गाडी उघडी

आमच्या मजल्यावरचे काका निवृत्तीनंतर दोन गोष्टी नेमाने करतात. सकाळी ठाण्याच्या तलावपाळीला तीन फेऱ्या आणि महिन्याला एक माहिती अधिकाराचा अर्ज. या वेळचा अर्ज टोईंगचा होता. गोखले रोडवरून त्यांची स्कूटर उचलून नेली, तेव्हापासून त्यांना संशय आहे की काही ठरावीक दुकानांसमोरच्या गाड्या कधीच उचलल्या जात नाहीत. म्हणून त्यांनी वर्षभराची यादी मागितली: तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर. एका ओळीचं उत्तर आलं, माहिती वैयक्तिक असल्याने देता येत नाही.

काका माझ्याकडे आले ते तोडगा घेऊनच. "तू कॉम्प्युटरमधला ना? नंबराच्या जागी काहीतरी कोड टाकून यादी द्यायला यांचं काय जातं?"

नेमका हाच तोडगा न्यूयॉर्कमध्ये करून झालाय. २०१४ साली तिथल्या माहितीच्या कायद्याखाली एकाने शहरातल्या टॅक्सींची आदल्या वर्षीची नोंद मागितली आणि ती मिळालीही. सुमारे १७ कोटी ३० लाख फेऱ्या. कुठून कुठे, किती वाजता, भाडं किती, टिप किती. टॅक्सीचा आणि चालकाचा परवाना क्रमांक तेवढा 'हॅश' केलेला होता, एमडी-५ नावाच्या पद्धतीने.

हॅश ही एक गिरणी समजा. वरून काहीही टाका, मग तो चार अंकी नंबर असो की अख्खी कादंबरी, खाली ३२ चिन्हांची एकच पुडी पडते. दाणा तोच असेल तर पुडी दर वेळी तंतोतंत तीच. दाण्यात एक अंक बदलला, ४७१२ चं ४७१३ झालं, तर पुडी ओळखू न येण्याइतकी वेगळी. आणि पिठाचा पुन्हा दाणा होत नाही, गिरणी उलटी फिरत नाही. शक्य पुड्यांची संख्या म्हणाल तर ३४ वर ३७ शून्यं. एवढं ऐकल्यावर कुणालाही वाटेल, झाली माहिती सुरक्षित.

पण गिरणी उलटी फिरवायची गरजच काय? पुड्या कितीही प्रकारच्या असोत, दाणे किती प्रकारचे आहेत ते बघा. ठाण्याच्या गाड्यांचा नंबर एमएच ०४ ने सुरू होतो. पुढे दोन अक्षरं, मग चार अंक. सगळी २६ अक्षरं वापरतात असं धरलं, तरी अक्षरांच्या जोड्या होतात २६ गुणिले २६, म्हणजे ६७६. प्रत्येक जोडीमागे ०००१ ते ९९९९ असे ९,९९९ नंबर. गुणाकार ६७ लाख ५९ हजार ३२४. नवी मुंबईचा एमएच ४३ धरा, दुप्पट होतील. म्हणजे शक्य असलेले सगळेच नंबर दळून बघायचे, प्रत्येकाची पुडी कोणती ते वहीत मांडायचं, आणि सरकारी यादीतली पुडी त्या वहीत शोधायची. एमडी-५ बनवताना ती झटपट चालावी हाच हेतू होता. साधा लॅपटॉपही सेकंदाला लाखो पुड्या पाडतो. काकांचा चहा उकळायच्या आत सबंध ठाणं दळून होईल.

(गाडीच्या नंबरातल्या अंकांची बेरीज ९ यावी म्हणून जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी: तुमची ही हौस ज्याला ठाऊक आहे, त्याला साधारण एक नवमांश नंबरच तपासावे लागतात. अंकशास्त्राचा एवढा एक परिणाम मात्र सिद्ध करता येतो.)

न्यूयॉर्कची यादी अशीच फुटली. सुगावा लागला तो गमतीशीर होता. एका क्रमांकाच्या नावावर अशक्य वाटाव्या इतक्या फेऱ्या दिसत होत्या. ती पुडी निघाली नुसत्या शून्याची. नोंदीत जिथे खरा क्रमांक नव्हता तिथे ० होता, आणि तोही इमानदारीत दळला गेला होता. तिथून गिरणी कोणती ते कळलं आणि पुढच्या दोनेक तासांत सगळे क्रमांक उघडे पडले.

यावर इलाज आहे. दळण्याआधी दाण्यात एक लांबलचक गुप्त मजकूर मिसळायचा. मूठभर मीठच म्हणा ना. पुड्या मांडणाऱ्याकडे ते मीठ नसेल तर त्याची वही बाद. त्याहून सोपं म्हणजे गिरणीच नको, प्रत्येक गाडीला चिठ्ठी काढून एक आकडा द्यायचा आणि ती जोडयादी फाडून टाकायची. ब्लॉकचेन, एआय वगैरे मोठी नावं घेऊन कुणी हेच काम विकायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

तरी एक भोक उरतंच. आकडा कितीही गुप्त असला तरी एका गाडीला वर्षभर एकच. 'गाडी क्रमांक ८१९' दर मंगळवारी संध्याकाळी एका ठरावीक दवाखान्याच्या गल्लीतून उचलली जाते, एवढं शेजाऱ्याला पुरतं. न्यूयॉर्कच्या यादीतही नामवंतांचे टॅक्सीत चढतानाचे फोटो जुळवून त्यांनी किती टिप दिली ते काढण्यात आलं. लतान्या स्वीनी या संशोधिकेने १९९० च्या जनगणनेवरून दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीनच गोष्टींवरून सुमारे ८७ टक्के अमेरिकन वेगळे ओळखू येऊ शकतात. नाव लागतच नाही.

मग कार्यालयाचं बरोबर होतं का? मला तसं वाटत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातल्या ८(१)(ञ) या कलमात खासगी माहिती नाकारायला अटी होत्या. तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसावा, किंवा ती देण्याने कुणाच्या खासगीपणात विनाकारण घुसखोरी होत असावी. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने त्या अटी काढून 'वैयक्तिक माहिती' एवढंच ठेवलं. पण कलम ८(२) अजून आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. कलम १० ही आहे, देण्याजोगा भाग वेगळा काढून द्या असं ते सांगतं. नंबराचा रकाना वगळून यादी देणं एवढंही अवघड नव्हतं. आणि कंत्राट कुणाला मिळालं, सही कुणाची, असल्या प्रश्नांना तर हॅशचा काही संबंधच नाही. तिथे नाव हीच माहिती.

काकांना मी एवढंच विचारलं, "तुम्हाला गाड्या हव्यात की जागा?" त्यांचा संशय जागांवर होता. मग दोघांनी बसून नवा अर्ज लिहिला. रस्त्याच्या कोणत्या टप्प्यावरून, कोणत्या महिन्यात, किती गाड्या उचलल्या आणि दंड किती जमा झाला. नंबराचा रकानाच नाही. फक्त मी एक ओळ घालायला लावली: जिथे आकडा पाचापेक्षा कमी असेल तिथे 'पाचाहून कमी' एवढंच लिहावं. एकदोनच गाड्या असतील तर त्या कुणाच्या हे शेजाऱ्याला नंबराशिवायही कळतं. काकांना ती पटली नव्हती, "आपणच आपली माहिती कमी मागायची?" म्हणून कुरकुरले. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प मात्र त्यांनीच चिकटवला. उत्तराच्या मुदतीचा तिसावा दिवस येत्या गुरुवारी आहे.