प्रभागनिहाय मतदार यादीत नाव नसल्यास: पात्रता, अर्जाचे नमुने आणि कागदपत्रे

महाराष्ट्रात महानगरपालिका, नगरपरिषद किंवा जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची चाहूल लागली की यादीत नाव शोधण्याची धावपळ सुरू होते आणि नाव न मिळालेले अनेक नागरिक राज्य निवडणूक आयोगाकडे नव्या नोंदणीची मागणी करतात. ती तेथे मान्य होऊ शकत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याची जबाबदारी राज्यघटनेच्या अनुच्छेद 243के व 243झेडए नुसार राज्य निवडणूक आयोगाकडे असली, तरी हा आयोग स्वतंत्र मतदार यादी तयार करत नाही. भारत निवडणूक आयोगाची विधानसभा मतदार यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतली जाते आणि तिचे प्रभागनिहाय विभाजन होते. जानेवारी 2026 मध्ये झालेल्या महानगरपालिका निवडणुकांसाठी ही तारीख 1 जुलै 2025 होती. तिच्यानंतर विधानसभा यादीत आलेली नावे या निवडणुकांना उपयोगी पडली नाहीत.

म्हणून नाव नोंदवायचे ते विधानसभा यादीत, आणि निवडणूक जाहीर होण्याच्या पुष्कळ आधी. भारताचा नागरिक असलेली, त्या मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहणारी आणि अर्हता दिनांकाला 18 वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती नोंदणीस पात्र ठरते. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर असे वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत. प्रथमच नोंदणी करणाऱ्याने नमुना 6 भरावा. त्यासोबत अलीकडचे छायाचित्र, वयाचा पुरावा म्हणून जन्म दाखला, दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, पॅन कार्ड, वाहन परवाना किंवा पासपोर्ट, आणि निवासाचा पुरावा म्हणून वीज, पाणी वा गॅसचे देयक, बँकेचे चालू पासबुक किंवा नोंदणीकृत भाडेकरार जोडावा. आधार कार्ड दोन्ही कामांसाठी चालते. अर्ज ऑनलाइन भरता येतो किंवा केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे देता येतो. पोचपावती अवश्य जपून ठेवावी.

घर बदललेल्या मतदाराने मात्र नमुना 6 नव्हे, तर नमुना 8 भरायचा असतो. दुबार नावांवरून गेल्या निवडणुकांत जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी हे एक साधे कारण आहे: नव्या पत्त्यावर नवी नोंदणी होते, जुनी वगळली जात नाही आणि एकच व्यक्ती दोन ठिकाणी मतदार म्हणून दिसू लागते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950 च्या कलम 17 व 18 नुसार अशी दुहेरी नोंदणी करता येत नाही, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे प्रतिज्ञापन केल्यास कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मृत किंवा स्थलांतरित व्यक्तीचे नाव वगळण्यासाठी नमुना 7 आहे. या नोंदींवर मतदार नोंदणी अधिकाऱ्याने दिलेला निर्णय मान्य नसल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे 15 दिवसांच्या आत पहिले अपील आणि त्यानंतर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे 30 दिवसांच्या आत दुसरे अपील करता येते.

प्रभागनिहाय प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींची जी मुदत मिळते, तिची व्याप्ती मर्यादित असते. विभाजन करताना चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेले नाव, विधानसभा यादीत असूनही प्रभागाच्या यादीत न आलेले नाव आणि लेखनिकाच्या चुका, एवढ्याच बाबी तेथे दुरुस्त होतात. त्यासाठी विहित नमुन्यातील अर्जात विधानसभा यादीतील भाग क्रमांक व अनुक्रमांक लिहावा, निवासाचा पुरावा जोडावा आणि महानगरपालिकेसाठी संबंधित प्रभाग कार्यालयात, तर जिल्हा परिषद व पंचायत समितीसाठी तहसील कार्यालयात तो सादर करावा. इमारतच्या इमारत दुसऱ्या प्रभागात गेली असेल, तर प्रभागाच्या सीमेचा प्रसिद्ध नकाशा सोबत जोडल्याने पडताळणी सोपी होते.

दोन आयोगांनी एकच यादी वापरावी हे माझ्या मते योग्यच आहे, कारण दोन याद्या म्हणजे चुका दुप्पट. परंतु यादी गोठवण्याची तारीख अगोदर, ठळकपणे आणि वॉर्डावॉर्डात जाहीर व्हायला हवी. हरकतींच्या थोडक्या दिवसांत ती प्रथमच कळलेल्या मतदारापुढे त्या निवडणुकीपुरता कोणताही अर्ज उरलेला नसतो.