घरगुती खेळ, व्हिक्टोरियन

इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दीत (१८३७–१९०१) मध्यमवर्गीय कुटुंबे दिवाणखान्यात जे खेळ खेळत, ते. फारशा साधनांशिवाय खेळायचे मेळाव्याचे खेळ (पार्लर गेम्स) आणि छापील पटांवरचे खेळ असे त्यांचे दोन वर्ग मानतात. पहिल्या वर्गातील बरेचसे खेळ व्हिक्टोरियापूर्वीचेच असून त्यांचा काळ नेमका ठरवता येत नाही. आंधळी कोशिंबीर, अभिनयावरून शब्द ओळखण्याचा शराड, गहाण पडलेली वस्तू सोडवण्यासाठी हरणाऱ्याने काहीतरी करून दाखवण्याचा फॉरफिट्स हे त्यांतील प्रमुख. डिकिन्झच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मधील (१८४३) मेजवानीत आंधळी कोशिंबीर व फॉरफिट्स दोन्ही आढळतात. नाताळात दिवे मालवून पेटत्या ब्रँडीतील मनुका हाताने उचलून खाण्याचा स्नॅपड्रॅगन मुलेही खेळत, हे आज आश्चर्याचे वाटते.

पटांचा इतिहास त्या मानाने स्पष्ट आहे, कारण छापील पटावर प्रकाशकाचे नाव व बहुधा वर्षही असते. त्यांचे मूळ इटलीतील ६३ घरांच्या हंसपटात (गेम ऑफ द गूज) शोधतात; लंडनमध्ये त्याची नोंद १५९७ मध्ये झाली. जॉन जेफ्रिझ यांचा यूरोप-प्रवासाचा पट १७५९ चा आहे. १७९० मध्ये जॉन वॉलिस व एलिझाबेथ न्यूबेरी यांनी मानवी जीवनाचा नवा पट काढला. त्यात आयुष्याची ८४ वर्षे म्हणजे ८४ घरे असून शेवटच्या घरात न्यूटन अमर पुरुष म्हणून विराजमान आहे. फासे जुगाराशी निगडित असल्याने ते घरात येऊ नयेत म्हणून आकडे घातलेली फिरकी (टीटोटम) वापरावी, असे त्याच्या नियमांत सांगितले आहे. लंडनच्याच लॉरी अँड व्हिटल यांनी १८०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मॅन्शन ऑफ हॅपिनेस’मध्ये सद्गुणाच्या घरावर सोंगटी पुढे सरके आणि दुर्गुणाच्या घरावर मागे येई. हाच पट १८४३ मध्ये अमेरिकेत सेलम येथे निघाला. तो ॲन ॲबट यांनी रचला असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले सापडते. परंतु लंडनची प्रत चार दशके आधीची असल्याने ॲबट यांचे श्रेय फार तर अमेरिकन आवृत्तीपुरतेच मानावे लागेल. तो अमेरिकेतील पहिला पट होता हेही आता ग्राह्य धरत नाहीत. न्यूयॉर्कचा एक प्रवासपट १८२२ चा आहे.

नीतिबोधाने हे खेळ लोकप्रिय केले, असे एक मत आहे. परंतु बोधपर पट जुनेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने रंगवलेल्या, कापडावर चिकटवलेल्या महागड्या पटांची जागा रंगीत शिळाछापाच्या स्वस्त पटांनी घेतली, हे कारण अधिक सयुक्तिक दिसते.

सापशिडीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. सापशिडीचे जुने भारतीय रूप असलेला मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला अशी महाराष्ट्रात परंपरा आहे. तिला समकालीन लेखी आधार नाही. उपलब्ध पट बहुतांशी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत. ज्ञानचौपट या नावाने उत्तर व पश्चिम भारतात त्याचे अनेक पाठ आढळतात. जैन पट बहुधा ८४ घरांचा, वैष्णव ७२ घरांचा, तर सूफी पट १०० किंवा १०१ घरांचा असतो. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांच्या १९८५ च्या अभ्यासात या पटांची तपशीलवार चर्चा आहे. पाठांमधील ही विविधता पाहता तो एका व्यक्तीने रचण्यापेक्षा निरनिराळ्या पंथांत हळूहळू घडला असावा, हे मत अधिक पटते. पूर्वी पुण्याचे कलेक्टर असलेले हेन्री डंडास रॉबर्टसन यांनी असा एक वैष्णव पट लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला १८३१ च्या सुमारास दिला. इंग्लंडमध्ये हा खेळ विक्रीस येण्यास मात्र आणखी सुमारे साठ वर्षे लागली, खेळांचे साहित्य बनवणारे एफ. एच. एअर्स यांनी तो १८९२ मध्ये काढला असे सामान्यतः सांगितले जाते. मधल्या काळात तो संग्रहातील पटावरून उचलला गेला असे मानण्यापेक्षा हिंदुस्थानातून परतलेल्या इंग्रज कुटुंबांनी नेला असावा असे मानणे सोपे आहे. इंग्रजी पटावर मोक्ष उरला नाही. काटकसरीच्या शिडीने समाधान, उद्योगाच्या शिडीने यश, तर आळसाच्या सापाने दारिद्र्य अशी घरे आली. पुढे ही नावेही गळाली आणि नुसते आकडे राहिले.

पचिसीवरून निघालेल्या लूडोचे पेटंट १८९१ चे की १८९६ चे याबाबत संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. अमेरिकेत पचिसी त्याआधीच ‘पार्चीझी’ या नावाने विकली जात होती. १८७४ मध्ये त्या नावाचे व्यापारचिन्ह नोंदले गेले. कवड्यांऐवजी लूडोत एकच घनाकृती फासा आला, म्हणजे शतकाअखेरीस घरातील फाशाविषयीचा आक्षेप बराच ओसरला होता. प्रतिस्पर्ध्याच्या सोंगट्या उलटवून आपल्या रंगाच्या करण्याच्या रिव्हर्सीबद्दल १८८० च्या दशकात लुइस वॉटरमन व जॉन मॉलेट या दोन इंग्रजांनी परस्परांवर चोरीचा आरोप केला. सोंगट्यांनी उड्या मारत समोरचा कोपरा गाठण्याचा हल्मा त्याच सुमाराचा असून तो बोस्टनचे शल्यविशारद जॉर्ज हॉवर्ड मंक्स यांनी तयार केला. चकत्या उडवून वाटीत पाडण्याच्या टिडलीविंक्ससाठी लंडनच्या जोसेफ ॲशेटन फिंचर यांनी १८८८ मध्ये पेटंटचा अर्ज केला होता.